पाहिलेले आणि छापलेले

झाशी शहराच्या जुन्या कोटाला जे दरवाजे होते त्यांतील पुष्कळांची नावे त्या त्या वाटेच्या टोकाशी असलेल्या गावांवरून पडलेली आहेत. ओरछ्याकडे नेणारा तो ओरछा दरवाजा, सागरकडे नेणारा तो सागर दरवाजा, भांडेरकडे नेणारा तो भांडेर दरवाजा, आणि बुंदेल्यांच्या दतिया संस्थानाकडे जी वाट निघे तिच्या तोंडाशी असलेला तो दतिया दरवाजा, ज्याला आज गावातला लहानथोर प्रत्येक मनुष्य दतिया गेट एवढेच म्हणतो. लोकशाहीतील मुद्रणस्वातंत्र्य या विषयावरील लेखांच्या या संग्रहास प्रस्तावना लिहिण्याचे काम जेव्हा मजकडे आले, तेव्हा मी योगायोगाने याच दतिया गेटाजवळ, तीन पिढ्या झाशीत काढलेल्या एका मराठी कुटुंबात पाहुणा म्हणून उतरलो होतो. विषयाचा आरंभ इंग्लंडातील मिल्टनपासून किंवा अमेरिकेच्या घटनेतील पहिल्या दुरुस्तीपासून करण्याची जी पद्धत आहे ती मोडून झाशीपासून तो करावा, असे मला तेथेच वाटले. कारण या स्वातंत्र्याचे मोल काय आणि त्याच्या अभावी नक्की काय हरवते, हे ज्याच्या आधाराने बोट ठेवून दाखविता येईल असे एक मराठी पुस्तक या शहराच्या वेढ्यातून निघालेले आहे, आणि त्या पुस्तकाला वाचकापर्यंत पोहोचण्यास किती काळ लागला याचा हिशेब आम्ही मराठी वाचकांनी अद्याप नीट मांडलेला नाही.

कोटाच्या दरवाजाचे काम माणसे व माल यांची ये-जा करविणे एवढेच नव्हते. बातमीसुद्धा त्याच वाटेने आत येई व बाहेर जाई, आणि चौकीवरचा अंमलदार जसा मालावर जकात घेई तसाच हरकाऱ्याच्या थैलीवरही त्याचा डोळा असे. आमच्या जुन्या राज्यव्यवस्थेत बातमी ही दौलतीची वस्तू होती. शिवछत्रपतींच्या अष्टप्रधानांत वाकनीस होता, मोगल दरबारात वाकेनवीस होते, पेशव्यांचे वकील ठिकठिकाणच्या दरबारांतून अखबार पाठवीत असत, आणि हा सगळा पत्रव्यवहार, कितीही चोख व खरा असला तरी, एका माणसाच्या कानासाठी लिहिलेला असे. रयतेला तो वाचण्याचा अधिकार नव्हता, आणि तसा अधिकार असू शकतो ही कल्पनाही नव्हती. ६ जानेवारी १८३२ रोजी बाळशास्त्री जांभेकरांनी मुंबईस ‘दर्पण’ काढले तेव्हा झालेली क्रांती ती हीच होय, की जे पत्र आजवर धन्याच्या नावे जात होते त्याच्या लखोट्यावरचा पत्ता बदलला आणि तेथे रयतेचे नाव आले. छापखान्याचे यंत्र, शाई आणि खिळे ही या गोष्टीची साधने. पत्ता बदलणे ही खरी गोष्ट.

आता त्या पुस्तकाकडे येतो. पूर्वीच्या कुलाबा जिल्ह्यातील पेणजवळच्या वरसई गावचे विष्णुभट गोडसे हे भिक्षुकी करणारे ब्राह्मण. घरी कर्ज, मिळकत तोकडी, आणि मथुरेस बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार आहेत असे ऐकल्यामुळे दक्षिणेच्या आशेने ते आपल्या चुलत्याबरोबर १८५७ साली उत्तरेकडे निघाले. राजकारणाशी त्यांचा काडीचा संबंध नव्हता. महूच्या आसपास बंडाची बातमी त्यांच्या कानी आली, तरीही ते मागे फिरले नाहीत, आणि पुढे फिरत फिरत झाशीस येऊन राणी लक्ष्मीबाईंच्या आश्रयास राहिले. मार्च १८५८ मध्ये सर ह्यू रोज याच्या फौजेने शहराला वेढा घातला, १ एप्रिलला तात्या टोप्यांची कुमक बेतवेच्या काठी मोडली, ३ एप्रिलला इंग्रज फौज कोटावरून आत शिरली, आणि त्यानंतर शहरात जे झाले त्याला विष्णुभटांनी मराठीतला जुना शब्द वापरला आहे: बिजन. तो शब्द आज आपल्या बोलण्यातून गेला आहे. कत्तल या शब्दात जे मावत नाही ते त्यात मावत होते.

हे सर्व विष्णुभटांनी घरात लपून, भिंतीआडून, प्रेतांच्या दुर्गंधीतून चालत जाऊन पाहिले. लूट कशी पायरीपायरीने झाली, आधी सोनेरूपे, मग तांबेपितळ, मग कापड आणि धान्य, हे त्यांनी एखाद्या कारकुनाच्या काटेकोरपणाने नोंदले आहे. राजवाड्यातील ग्रंथसंग्रहाची नासधूस झाल्याचे त्यांनी जे लिहिले आहे ते वाचताना, हा मनुष्य शास्त्री घराण्यातला होता आणि पोथी म्हणजे काय हे जाणत होता, याची वाचकाला पानोपानी आठवण होते. पुढे काळपीच्या वाटेवर एका विहिरीपाशी त्यांना राणीचे दर्शन घडले, थकलेली, धुळीने भरलेली, पुरुषी पोशाखातली राणी. आणि हा प्रसंग मराठी घराघरांत ज्या रूपाने माहीत आहे ते रूप याच भिक्षुकाच्या लेखणीतून आले आहे. दरबारचा वाकनीस नाही, कोणाचा वकील नाही, कोणत्याही पक्षाचा पगारी मनुष्य नाही. दक्षिणा मिळवायला निघालेला आणि ती वाटेत लुटली गेलेला एक सामान्य माणूस. आजच्या भाषेत ज्याला प्रत्यक्षदर्शी बातमीदार म्हणतात तो १८५८ च्या झाशीत मराठी भाषेपुरता हा एकच होता, असे मी समजतो.

यापुढचे सन वाचकांनी मनात ठेवावेत, कारण माझे सगळे म्हणणे त्यांवर उभे आहे. पाहिले १८५८ साली. लिहिले १८८३ साली, चिंतामणराव वैद्यांच्या आग्रहाने. छापले १९०७ साली, ‘माझा प्रवास’ या नावाने, वैद्यांनी, आणि तेही जागोजाग फेरफार करून. तोवर विष्णुभट हयात नव्हते. मूळ हस्तलिखितात जे होते ते तसेच्या तसे दत्तो वामन पोतदारांनी प्रसिद्ध केले ते १९६६ साली. म्हणजे पाहणे आणि लिहिणे यांत २५ वर्षे, पाहणे आणि छापणे यांत ४९ वर्षे, आणि पाहणे आणि पाहिल्याप्रमाणे छापणे यांत १०८ वर्षे.

याच झाशीच्या याच वेढ्याची दुसऱ्या बाजूची साक्ष किती दिवसांत छापली गेली? रोजच्या फौजेबरोबर असलेला टॉमस लो नावाचा लष्करी डॉक्टर होता. मध्य हिंदुस्थानातील त्या मोहिमेचे त्याचे पुस्तक १८६० साली लंडनमध्ये बाहेर पडले. त्याआधी १८५४ मध्ये, संस्थान खालसा झाल्यावर, राणीने कायद्याच्या सल्ल्यासाठी ज्याला बोलावून घेतले तो जॉन लँग हा वकील तर होताच, पण ‘मोफसिलाइट’ या इंग्रजी पत्राचा तो संपादकही होता; पडद्याआडून झालेल्या त्या भेटीचा वृत्तांत त्याने पुढे आपल्या पुस्तकात दिला आणि ते पुस्तक १८५९ साली लंडनमध्ये छापले गेले. लो आणि लँग यांच्याविषयी माझी तक्रार नाही. दोघांनी जे पाहिले ते लिहिले, आणि लँगने तर राणीची बाजू सहानुभूतीने मांडली. पण ज्या शहराला लुटले त्या शहरातल्या साक्षीदाराला अर्धशतक थांबावे लागले आणि लुटणाऱ्या फौजेतल्या साक्षीदाराला दोन वर्षे, या दोन अंतरांतला फरक बुद्धीच्या, विद्येच्या किंवा छापखान्यांच्या संख्येच्या फरकातून आलेला नाही. मुंबईस व पुण्यास तेव्हा मराठी छापखाने चालू होते, आणि लोकहितवादींची शतपत्रे भाऊ महाजनांच्या ‘प्रभाकरा’त त्याच्याही दहा वर्षे आधी येऊन गेली होती.

फरक कायद्याने केला होता. १३ जून १८५७ रोजी लॉर्ड कॅनिंगच्या सरकारने जो कायदा केला त्याने छापखाना ठेवण्यासाठी सरकारी परवाना आवश्यक ठरविला; १८३५ साली मेटकाफने जे बंधन सोडले होते ते एका दिवसात पुन्हा आवळले गेले. तो कायदा एका वर्षापुरता होता हे खरे, पण कायद्याची मुदत संपते तशी त्याने बसविलेली धास्ती संपत नाही. १८७० साली दंडसंहितेत राजद्रोहाचे १२४ अ हे कलम आले. १८७८ साली लिटनने देशी भाषांतील पत्रांसाठी वेगळा कायदा केला, ज्यात इंग्रजी पत्रे मोकळी आणि मराठी, बंगाली, हिंदी पत्रे मुचलक्यात, असा उघड भेद होता. म्हणजे एकच वाक्य इंग्रजीत निरपराध आणि मराठीत सापराध ठरू शकत होते. रिपनच्या अमदानीत हा कायदा उठला, आणि विष्णुभट लिहावयास बसले ते तो उठल्यानंतर थोड्याच काळाने. तरीही कागद छापखान्यात न जाता पेटीत गेले. त्यात नवल ते काय? १२४ अ जागच्या जागी होते, आणि ज्याने ते कागद सांभाळले त्याला, आणि वरसईतल्या त्या गरीब कुटुंबालाही, उद्या जगायचे होते. वैद्यांनी मजकुरात केलेल्या फेरफाराबद्दल अभ्यासकांनी त्यांना दोष दिला आहे आणि तो दोष अस्थानी नाही. परंतु परक्या राज्यात संपादकाची कात्री पुष्कळदा सरकारने हातात न घेताच चालत असते, हे ध्यानी घेतल्यावाचून त्या दोषाचे माप ठरविणे मला न्याय्य वाटत नाही.

येथे मला जे मुख्यत्वे सांगावयाचे आहे ते सांगतो. मुद्रणस्वातंत्र्याचा विचार आपण बहुधा बोलणाऱ्याच्या बाजूने करतो. त्याला बोलू दिले की नाही, त्याला शिक्षा झाली की नाही. पण विष्णुभटांचे बोलणे अखेरीस दडपले गेले नाही, ते उशिरा आले, आणि उशिराने जी हानी केली ती दडपण्याने केली असती तिच्याहून फार निराळी नाही. पंचवीस वर्षांनंतर आठवणीतून लिहिताना त्यांच्या तारखा चुकल्या, प्रसंगांचा क्रम बदलला, आणि स्वतः पाहिलेले व धर्मशाळांतून ऐकलेले एकमेकांत मिसळले. कानपूरकडच्या ज्या हकिगती ते सांगतात त्यांतील पुष्कळशा ऐकीव आहेत. यात त्यांची अप्रामाणिकता नाही, स्मृतीचा तो धर्मच आहे. पण हेच पुस्तक १८५९ किंवा १८६० साली पुण्यात छापले गेले असते तर काय झाले असते? झाशीतून जीव घेऊन पळालेली शेकडो मराठी कुटुंबे तेव्हा हयात होती. त्यांतील कोणी पत्र लिहून कळविले असते की अमुक गल्लीत असे झाले नाही, तसे झाले; कोणी आणखी दहा नावे दिली असती; कोणी सांगितले असते की दतिया दरवाजाच्या बाजूने मी निसटलो तेव्हा तेथे हे पाहिले. चूक दुरुस्त झाली असती, साक्षीला साक्ष मिळाली असती. ती माणसे एकेक करून गेली आणि आपल्याबरोबर आपली दुरुस्ती घेऊन गेली. १९०७ साली ते पुस्तक वाचून ‘असे नव्हते’ म्हणू शकेल असे किती जण उरले असतील?

वृत्तपत्रांना स्वातंत्र्य द्यावे तर ती चुका करतात, असा आक्षेप प्रत्येक सरकार घेत आले आहे, आणि चुका होतात हे नाकारण्यात हशील नाही. टिळक आणि आगरकर यांनी कोल्हापूरच्या महाराजांच्या छळाविषयी व दिवाण माधवराव बर्वे यांच्याविषयी जी पत्रे छापली ती बनावट निघाली. दोघांना १८८२ साली चार महिन्यांची शिक्षा झाली आणि डोंगरीच्या तुरुंगात त्यांनी १०१ दिवस काढले. पत्रे खोटी होती हे न्यायासनासमोर ठरले आणि ते दोघांनी मान्य केले. परंतु महाराजांच्या दुर्दशेविषयी लोकांच्या मनात जी चिंता होती ती खोटी नव्हती. पुढच्याच वर्षी अहमदनगरास त्यांचा जो करुण अंत झाला त्याने ते दिसून आले. या प्रकरणातून मी असा अर्थ घेतो की उघड्यावर झालेली चूक उघड्यावर सुधारली जाते, तिची किंमत कोणीतरी मोजतो, आणि तिच्यामागचा खरा प्रश्न तेवढा जिवंत राहतो. पेटीत ठेवलेल्या कागदातल्या चुकीला हे भाग्य लाभत नाही.

१८५७ हा विषयच परकीय सत्तेला किती झोंबत होता त्याचे आणखी एक उदाहरण केवळ नोंदवून पुढे जातो. दत्तात्रय बळवंत पारसनिसांचे राणीचे चरित्र १८९४ साली निघू शकले. पण सावरकरांच्या सत्तावनवरील ग्रंथावर १९०९ साली तो प्रकाशित होण्यापूर्वीच बंदी आली, आणि ती १९४६ पर्यंत उठली नाही. अजून छापले नव्हते, तरीही बंदी घातली. यापरते त्या कायद्याचे स्वरूप सांगणारे दुसरे काय हवे?

१९०८ च्या टिळकांच्या खटल्याविषयी पुढील एका लेखात सविस्तर विवेचन आलेले आहे, तेव्हा त्याची पुनरुक्ती करीत नाही. एकच बाब सांगतो. ‘केसरी’तील ज्या मराठी लेखांबद्दल त्यांना सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा झाली, ते लेख नऊ ज्यूररांपुढे इंग्रजी भाषांतरातून गेले, सात युरोपियन आणि दोन पारशी अशी ती ज्यूरी, आणि निकाल सात विरुद्ध दोन असा. टिळकांनी न्यायालयात शब्दाशब्दावर वाद घातला, भाषांतर कसे विपरीत आहे ते दाखविले. ज्या भाषेत लिहिले ती न समजणाऱ्यांनी लेखकाच्या मनातला हेतू ठरवावा, याहून मोठी विटंबना लेखनाची होऊ शकत नाही, आणि आज आपल्याच देशात एका भाषेतील वाक्य तोडून, दुसऱ्या भाषेत उतरवून, तिसऱ्या प्रांतात फिर्याद गुदरण्याचे प्रकार जेव्हा ऐकू येतात तेव्हा मला त्या ज्यूरीची आठवण होते.

झाशीत बसून हे लिहीत असताना मराठी माणसांनी परभाषेच्या वृत्तपत्रांसाठी केलेल्या कामाचा उल्लेख न करणे कृतघ्नपणाचे होईल. याच बुंदेलखंडात, दमोहजवळच्या पथरियास जन्मलेल्या माधवराव सप्रे यांनी १९०७ साली नागपुरास ‘हिंदी केसरी’ काढला आणि पुढच्याच वर्षी राजद्रोहाच्या आरोपाखाली पकडले गेले. देवघरला स्थायिक झालेल्या मराठी घराण्यातील सखाराम गणेश देऊस्कर बंगालीत लिहीत. त्यांच्या ‘देशेर कथा’ या ग्रंथावर १९१० साली बंदी आली. त्यांचेच भाचे बाबूराव विष्णु पराडकर काशीस ‘आज’ या हिंदी दैनिकाचे संपादक झाले, आणि १९३० च्या सत्याग्रहात छापखाना बंद पडला तेव्हा ‘रणभेरी’ हे गुप्त पत्र त्यांनी चालविले. खुद्द झाशीत महावीरप्रसाद द्विवेदी रेल्वेच्या कचेरीत नोकरीस होते; ते मराठी जाणणारे, आणि १९०३ साली त्यांनी ‘सरस्वती’चे संपादकत्व पत्करून हिंदी गद्याला वळण लावले. ‘चले जाव’च्या त्याच १९४२ साली ‘दैनिक जागरण’ निघाले तेही प्रथम या झाशीतूनच. एका भाषेतला निर्भयपणा दुसऱ्या भाषेत उसना नेता येतो, आणि आमच्या माणसांनी तो पोहोचविला, हे माझ्या मनाला फार समाधान देणारे आहे.

स्वातंत्र्य आले, संविधान आले. झाशीचेच एक मराठी वकील, रघुनाथ विनायक धुळेकर, संविधान सभेत बसले होते. हिंदुस्थानीतच बोलण्याचा त्यांचा आग्रह त्या सभेच्या आरंभीच्या दिवसांत गाजला. ज्यांना ती भाषा येत नाही त्यांना येथे स्थान नाही, या टोकाला त्यांनी तो नेला ते मला मान्य नाही; पण कोणत्या भाषेत बोलू शकणारा मनुष्य स्वतंत्र समजावा, हा प्रश्न त्यांनी उभा केला तो खरा होता. त्याच सभेत डिसेंबर १९४८ मध्ये, वृत्तपत्रांसाठी वेगळे कलम का नाही अशी पृच्छा झाली तेव्हा, डॉ. आंबेडकरांनी दिलेल्या उत्तराचा आशय असा होता की वृत्तपत्र हे व्यक्तीचे किंवा नागरिकाचे दुसरे नाव आहे, संपादक हाही नागरिकच, आणि नागरिकाला जो हक्क नाही असा कोणताही खास हक्क वृत्तपत्राला नको. मला हे उत्तर अतिशय खोल वाटते. ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ काढणाऱ्या माणसाला हे अनुभवाने ठाऊक होते की छापखाने मोकळे असले म्हणजे सर्वांना आवाज मिळतो असे नाही. सरकारचे बंधन नसतानाही एका समाजाची बाजू कोणत्याच पत्रात छापली जात नाही, आणि मग त्या समाजाला स्वतःचे पत्र काढावे लागते. विष्णुभटांना पन्नास वर्षे थांबावे लागले याची आपल्याला हळहळ वाटते. १८५८ च्या झाशीतील ज्या कोरी, चांभार, मेहतर माणसांनी तोच वेढा सोसला त्यांची साक्ष तर कोणी लिहूनच घेतली नाही. ही उणीव मला विष्णुभटांच्या प्रत्येक पानावर जाणवते.

एकोणिसाव्या अनुच्छेदाने हक्क दिला, १९५१ च्या पहिल्या दुरुस्तीने त्याच्यावरील मर्यादा वाढविल्या, आणि त्यानंतरचा सगळा इतिहास या दोहोंच्या ओढाताणीचा आहे. त्यात महाराष्ट्राला अभिमान वाटावा असे दोन निवाडे आहेत. पहिला ‘सकाळ’चा. किंमत व पाने यांच्या १९५६ च्या कायद्यान्वये केंद्र सरकारने १९६० साली हुकूम काढला की अमुक किमतीस अमुकच पाने द्यावीत. नानासाहेब परुळेकरांचे पुण्याचे ‘सकाळ’ तेव्हा सात नव्या पैशांत आठवड्याच्या सहा दिवसांत मिळून ३४ पाने देत होते, ती या हुकमाने २४ वर आली असती. लहान पत्रांना मोठ्यांच्या स्पर्धेपासून वाचवावे हा सरकारचा सांगितलेला हेतू वाईट नव्हता. पण १९६१ साली सर्वोच्च न्यायालयाने, न्यायमूर्ती मुधोळकरांच्या निकालपत्रान्वये, तो कायदा आणि तो हुकूम रद्द केला. पाने कमी केली तर विचार कमी होतात, किंमत वाढविली तर वाचक कमी होतात, आणि दोन्हींकडून घाला मतप्रसाराच्याच हक्कावर पडतो, असा त्याचा सारांश. कागद, पान, पैसा या रूक्ष वस्तूंत स्वातंत्र्य कसे वसते ते मला त्या निकालाने शिकविले.

दुसरा निवाडा आणीबाणीतला. जून १९७५ मध्ये पूर्वनियंत्रण आले आणि छापण्याआधी मजकूर दाखवून घेण्याची पाळी संपादकांवर आली. त्या डिसेंबरात कऱ्हाडच्या साहित्यसंमेलनाच्या अध्यक्षपदावरून दुर्गाबाई भागवत लेखनस्वातंत्र्याविषयी निर्भीडपणे बोलल्या. मिनू मसानींच्या ‘फ्रीडम फर्स्ट’ या लहानशा मासिकातील मजकूर नियंत्रकाने नाकारला तेव्हा मसानी न्यायालयात गेले, आणि फेब्रुवारी १९७६ मध्ये, भीतीने मोठमोठ्यांची वाचा बसलेली असताना, मुंबई उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती मादन व कानिया यांनी असा निर्वाळा दिला की आणीबाणीतही सरकारवर टीका करण्याचा मार्ग बंद होत नाही आणि सर्व पत्रांना एकाच सुरात गावयास लावणे हे नियंत्रकाचे काम नव्हे. खप किती, मासिक केवढे, याचा विचार न्यायाधीशांनी केला नाही, हे मी येथे मुद्दाम नमूद करतो.

आज परवान्याची पद्धत नाही, पूर्वनियंत्रण नाही. पण पाहणे आणि छापणे यांतील अंतर वाढविण्याचे दुसरे उपाय निघाले आहेत. वृत्तपत्राचे निम्म्याहून अधिक उत्पन्न जाहिरातींचे, आणि जाहिरातदारांत सरकार मोठे. तेव्हा एखाद्या बातमीला हुकमाने थांबवावे लागत नाही, ती आपोआप आतल्या पानावर जाते, मग उद्यावर जाते, मग जातच नाही. तालुक्याच्या ठिकाणी काम करणाऱ्या बातमीदाराला अनेकदा ठरलेला पगार नसतो, जाहिरातींवरील दलालीवर त्याचे घर चालते, आणि वाळू, दारू, जमीन यांविषयी त्याने जे डोळ्यांनी पाहिलेले असते ते छापल्यास ज्याच्याशी गाठ पडणार तो मनुष्य त्याच्याच गल्लीत राहतो. या माणसाच्या स्वातंत्र्याविषयी या संग्रहात जे लेख आहेत ते मला सर्वांत मोलाचे वाटले. वाचकांनी ते प्रथम वाचावेत अशी माझी विनंती आहे. याच बुंदेलखंडात, विष्णुभट ज्या चित्रकूटास गेले होते त्याच चित्रकूट जिल्ह्यातील कर्वी येथे, २००२ साली ‘खबर लहरिया’ नावाचे पत्र बुंदेली बोलीत सुरू झाले. बातम्या आणणाऱ्या स्त्रिया, पुष्कळशा दलित, आणि विषय हातपंप, रोजगार, पोलीस ठाणे, बाईवरचा अत्याचार. ज्यांची साक्ष १८५८ मध्ये कोणी लिहून घेतली नव्हती त्यांच्या नातीपणती आता स्वतः लिहितात.

दतिया गेटाजवळच्या त्या मुक्कामात मी पोतदारांची १९६६ ची आवृत्ती बरोबर नेली होती. यजमानांचे वडील ऐंशीच्या पुढचे. त्यांनी एका संध्याकाळी झाशीच्या प्रकरणाची पाने मोठ्याने वाचावयास सांगितली. त्यांची मराठी शंभर वर्षांपूर्वीची वाटावी अशी, आणि ‘बिजन’ हा शब्द त्यांना समजावून द्यावा लागला नाही. शेजारची दोनतीन हिंदी मंडळी येऊन बसली होती. त्यांच्यासाठी आजोबा मधूनमधून अर्थ सांगत होते, आणि गल्ल्यांची नावे आली की ते सगळे एकमेकांकडे पाहत, कारण त्या गल्ल्यांतूनच ते सकाळी आले होते. वाचन संपल्यावर त्यांतल्या एका तरुणाने, जो शहरातल्या एका दैनिकात बातमीदार होता, पुस्तक हातात घेतले, पहिले पान उघडले आणि विचारले, हे सगळे झाले केव्हा आणि छापले केव्हा. मी दोन्ही साले सांगितली. तो काही बोलला नाही. बोटांच्या पेरांवर त्याने मोजावयास सुरुवात केली, आणि एक हात पुरला नाही तेव्हा दुसरा हात वर घेतला.